परवानगी एकाकडे, पाणी दुसऱ्याकडे : कात्रजच्या हद्दीचा प्रश्न

पुण्याच्या दक्षिण टोकाला कारभार कोणाचा, या प्रश्नाचे उत्तर गेल्या तीस वर्षांत अनेकदा बदलले आहे. कात्रजला पाणी कुठून येते आणि कुठे जाते, हे मात्र बदललेले नाही. भिलारेवाडी, गुजर-निंबाळकरवाडी आणि मांगडेवाडीच्या डोंगरउतारांवरचे पाणी कात्रजच्या तलावांत येते. तलाव भरले की ते आंबिल ओढ्याने पद्मावती, सहकारनगर, दांडेकर पूल असे करत मुठेला मिळते. नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकाच्या मध्यावर या ठिकाणी तलाव बांधले ते याच उताराच्या भरवशावर. वरच्या तलावात गाळ बसायचा, आणि खालच्या तलावातले पाणी जमिनीखालच्या बांधीव नळातून सुमारे आठ किलोमीटर दूर शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांतल्या हौदांपर्यंत पोहोचायचे. वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास होते, त्यामुळे नळ साफ करता यायचा. त्या योजनेचे कौतुक नेहमी स्थापत्याच्या अंगाने होते. मला तिच्यातली कारभाराची बाजू जास्त महत्त्वाची वाटते: डोंगर, तलाव, नळ आणि हौद या चारही गोष्टींचा निर्णय आणि खर्च एकाच ठिकाणी होता. आज त्याच साखळीवर महापालिका, पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण (पीएमआरडीए), पाटबंधारे खाते, राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण आणि कालपरवापर्यंत जिल्हा परिषद व ग्रामपंचायती अशा इतक्या संस्थांचे हात आहेत, की एखादी गोष्ट बिघडली तर प्रत्येकाकडे दुसऱ्याचे नाव सांगायला असते. या संस्थांमधले वाद अधिकाऱ्यांच्या अहंकारातून किंवा पक्षांच्या चढाओढीतून होतात, असे सहसा मानले जाते. माझे म्हणणे वेगळे आहे. हद्द हलवताना परवानगीचा अधिकार, पैसा आणि सेवेची जबाबदारी या तिन्ही गोष्टी एकत्र हलवल्या जात नाहीत, म्हणून हे वाद होतात. कात्रजच्या परिसरात याचा पुरावा तलावात, रस्त्यावर आणि घरपट्टीच्या बिलात सापडतो.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्रीपासून सुरुवात करावी लागते. त्या रात्री कात्रजच्या डोंगरांवर पाऊस कोसळला, तलाव ओसंडून वाहिले आणि आंबिल ओढ्याला इतका लोंढा आला की अरण्येश्वर, टांगेवाला कॉलनी, सहकारनगर, पद्मावती या भागांत भिंती पडल्या, वाहने वाहून गेली, तळमजले बुडाले. शहर आणि आसपासच्या भागात मिळून वीसहून अधिक माणसे दगावली. दुसऱ्या दिवसापासून चर्चा झाली ती ओढ्याच्या काठावरच्या अतिक्रमणांची, अरुंद कल्व्हर्टची आणि न काढलेल्या गाळाची. ती चर्चा योग्यच होती आणि त्यातला मोठा दोष महापालिकेच्या पदरात पडतो. पण ओढ्याचा उगम ज्या गावांत आहे ती गावे त्या दिवशी महापालिकेत नव्हती. तिथल्या डोंगरावर किती जमीन सपाट केली जाते, किती नाले भरले जातात, कोणत्या उतारावर इमारतीला मंजुरी मिळते, हे ठरवण्याचा अधिकार महापालिकेला नव्हता. त्या मंजुऱ्या २०१५ पर्यंत जिल्हाधिकाऱ्यांच्या आणि नगररचना खात्याच्या अखत्यारीत होत्या, त्यानंतर पीएमआरडीएच्या. वर मुरलेले पाणी कमी झाले की खाली वाहणारे वाढते, हे सांगायला जलतज्ज्ञ लागत नाही. परवानगीचे शुल्क वरच्या संस्थेकडे जमा होते आणि पुराचा खर्च खालच्या संस्थेवर पडतो, अशी रचना असेल तर वरच्या संस्थेला उतार जपण्याचे कारण उरत नाही. जून २०२१ मध्ये झोपडपट्टी पुनर्वसनाच्या आणि ओढ्याच्या कामासाठी दांडेकर पुलाजवळची घरे पाडायला सुरुवात झाली, तेव्हा रहिवाशांनी रस्त्यावर येऊन विरोध केला आणि न्यायालयाला ती कारवाई थांबवावी लागली. ओढ्याच्या वरच्या अंगाच्या बांधकामांबद्दल कोणालाही अशी तातडी दाखवावी लागली नव्हती. हद्दीच्या गोंधळाची किंमत सर्वांत आधी ओढ्याच्या काठी राहणारा गरीब माणूस देतो. म्हणूनच हा प्रश्न निव्वळ प्रशासकीय म्हणून बाजूला ठेवता येत नाही.

कात्रज स्वतः महापालिकेत आले १९९७ मध्ये. त्या वर्षी राज्य सरकारने पुण्याभोवतीची ३८ गावे शहरात घेतली. विरोध झाला, आणि २००१ मध्ये त्यांतली १५ गावे पूर्णतः किंवा अंशतः पुन्हा वगळली. उरली २३. त्या २३ गावांचा विकास आराखडा हा पुण्याच्या नगररचनेच्या इतिहासातला एक लांबलेला अध्याय आहे. आराखड्याचा मोठा भाग मंजूर व्हायला दशक उलटले आणि टेकड्यांवरच्या जैववैविध्य उद्यानाच्या आरक्षणाला, म्हणजे लोक ज्याला बीडीपी म्हणतात त्याला, अंतिम मान्यता मिळाली २०१५ मध्ये. गावे घेतल्यापासून अठरा वर्षांनी! मधल्या काळात कात्रज, धनकवडी, आंबेगावच्या बाजूला गुंठेवारीचे तुकडे पडले, डोंगराच्या पायथ्याशी घरे उभी राहिली आणि रस्त्यांसाठी जागा ठेवण्याची वेळ निघून गेली. आरक्षण मंजूर झाले तेव्हा जमीनमालकांना भरपाई म्हणून ८ टक्के टीडीआर, म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्क, देऊ केला गेला. तो पुरेसा नाही म्हणून जमिनी ताब्यात आल्या नाहीत. ताब्यात न आलेल्या टेकडीवर राखण करायला कोणी नसते, आणि राखण नसलेल्या टेकडीवर राडारोडा पडतो, मुरूम निघतो, पत्र्याचे शेड उभे राहते. इथे दोन संस्थांचा वाद नव्हता, एकच महापालिका होती, असा आक्षेप या उदाहरणावर घेता येईल. तो बिनतोड नाही. आराखडा करणारी महापालिका, मंजूर करणारे राज्य सरकार आणि भरपाईचा दर ठरवणारेही राज्य सरकार. पण आराखडा रखडल्यावर जी बेकायदा वस्ती वाढते तिला पाणी, रस्ता, ड्रेनेज देण्याचे काम पुन्हा महापालिकेचेच. अधिकार आणि जबाबदारी यांची फारकत तिथेही होतीच, फक्त ती पुणे आणि मुंबई यांच्यात होती.

पुढची फेरी २०१७ मध्ये झाली. उच्च न्यायालयात गावांच्या समावेशासाठी याचिका चालू होती, तिच्या ओघात राज्य सरकारने ३४ गावे टप्प्याटप्प्याने घेण्याचे मान्य केले आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये ११ गावे शहरात आली. त्यांत कात्रजला लागून असलेली आंबेगाव बुद्रुक आणि आंबेगाव खुर्द होती, धायरी, उंड्री, फुरसुंगी, उरुळी देवाची होती. उरलेली २३ गावे ३० जून २०२१ रोजी आली. हा आकडा योगायोगाने १९९७ च्या गावांतल्या उरलेल्या गावांइतकाच आहे, त्यामुळे ‘तेवीस गावे’ म्हटले की कोणती, असा प्रश्न पुण्यात नेहमी पडतो. दुसऱ्या तेविसांत भिलारेवाडी, मांगडेवाडी, गुजर-निंबाळकरवाडी, जांभुळवाडी, कोळेवाडी ही कात्रजच्या डोंगरातली पाचही गावे होती. कागदावर पाहिले तर २०१९ च्या पुराचा धडा घेतला गेला असे वाटते: ओढ्याचा उगम आणि ओढ्याचा शेवट पहिल्यांदाच एका महापालिकेच्या हद्दीत आले. महापालिकेचे क्षेत्रफळ ५०० चौरस किलोमीटरच्या वर गेले, मुंबईपेक्षाही मोठे.

पण त्यानंतर काही दिवसांतच राज्य सरकारने या २३ गावांसाठी पीएमआरडीएला विशेष नियोजन प्राधिकरण नेमले. प्रादेशिक व नगररचना अधिनियमाने, म्हणजे १९६६ च्या कायद्याने, सरकारला तो अधिकार आहे. त्या वेळी महापालिकेत भाजपची सत्ता होती आणि राज्यात महाविकास आघाडीची. गावांचा आराखडा आपणच करू असा महापालिकेच्या मुख्य सभेचा आग्रह होता, त्याला राज्याने दिलेले हे उत्तर आहे, असे सर्वांनी मानले. पक्षीय कारण होतेच. तरीही २०२२ मध्ये राज्यातले सरकार बदलल्यावर ही व्यवस्था लगेच उलटली नाही, ती चालू राहिली. म्हणजे वाद केवळ दोन पक्षांचा असता तर सत्ताबदलाबरोबर मिटायला हवा होता. तो मिटला नाही, कारण या व्यवस्थेत ठोस पैसा गुंतलेला आहे. इमारतीला परवानगी देताना विकसन शुल्क, प्रीमियम, वाढीव एफएसआयचे (चटई क्षेत्राचे) पैसे मिळतात. ज्या संस्थेकडे हे उत्पन्न आहे ती ते सोडत नाही, आणि ज्या संस्थेकडे ड्रेनेजची लाइन टाकायचे काम आहे तिच्या हाती ते उत्पन्न येत नाही. बांधकाम परवानगी मिळाली की बिल्डर सदनिका विकतो, सोसायटी उभी राहते आणि ती पाण्यासाठी दाद मागते महापालिकेकडे. महापालिका सांगते की परवानगी देताना आम्हाला विचारले नव्हते. प्राधिकरण सांगते की गावे तुमच्या हद्दीत आहेत. दोघांचे म्हणणे कायद्याने खरे आहे. सोसायटीच्या दारात मात्र टँकर उभा असतो.

कात्रजच्या बाजूला हा प्रश्न अधिक तीव्र होण्याचे कारण भूगोलात आहे. खडकवासल्याचे पाणी वडगाव जलकेंद्रात शुद्ध होऊन उंचावरच्या कात्रजला पंप करून चढवावे लागते, आणि डोंगरातल्या गावांना तर त्याहून वर. त्या पाण्याच्या एकूण वाट्यावरूनही एक जुना वाद आहे. पाटबंधारे खात्याच्या करारानुसार पुण्याला वर्षाला साडेअकरा टीएमसी पाणी मिळायचे, शहर त्यापेक्षा कितीतरी जास्त उचलते, आणि दौंड-इंदापूरच्या शेतीचे पाणी तोडले जाते अशी खात्याची तक्रार असते. महापालिका म्हणते की लोकसंख्या वाढली, गावे आली, कोटा वाढवा. लोकसंख्या कोणी वाढवली, हा प्रश्न या वादात कोणी विचारत नाही. गावे शहरात घेण्याचा निर्णय राज्याचा, त्यांतल्या इमारतींना मंजुरी राज्याने नेमलेल्या प्राधिकरणाची, आणि कोटा वाढवण्यास नकार राज्याच्याच दुसऱ्या खात्याचा. एका सरकारच्या तीन हातांनी घेतलेले हे निर्णय महापालिकेच्या नळावर येऊन एकमेकांना छेद देतात. जांभुळवाडीचा तलावही पाटबंधारे खात्याचा. त्यात येणारे सांडपाणी मात्र गावातून, म्हणजे आधी ग्रामपंचायतीच्या आणि आता महापालिकेच्या हद्दीतून येते.

अशा फारकतीचा सर्वांत गंभीर परिणाम कात्रजपासून फार दूर नसलेल्या सिंहगड रस्त्यावर जानेवारी २०२५ मध्ये दिसला. गिया-बारे सिंड्रोमचे रुग्ण नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात वाढू लागले आणि पुणे परिसरातील रुग्णांची संख्या पुढे दोनशेच्या वर गेली. काही जणांचा मृत्यू झाला. या पट्ट्यातली नांदेड आणि किरकटवाडी ही २०२१ मध्ये समाविष्ट झालेली गावे. नांदेडच्या विहिरीतून अनेक वस्त्यांना पाणी जात होते, त्याला जलशुद्धीकरण केंद्र नव्हते, फक्त क्लोरीनचा आधार होता. समावेशाला साडेतीन वर्षे झाली होती. या काळात त्या भागात इमारती वाढत होत्या, घरपट्टीची बिले जात होती, पण पाणी शुद्ध करण्याची सोय जुन्या ग्रामपंचायतीच्या काळातलीच राहिली. रोगाची साथ एकाच कारणाने येत नाही, हे मान्य केले तरी समावेश आणि सेवा यांतले हे अंतर नाकारता येत नाही.

घरपट्टीचा उल्लेख आला, तर त्याविषयीही बोलले पाहिजे, कारण समाविष्ट गावांतल्या रोषाचे सर्वांत बोलके कारण तेच आहे. नव्याने आलेल्या हद्दीत मिळकतकर एकदम शहराच्या दराने लावायचा नाही, पहिल्या वर्षी ग्रामपंचायतीचा दर ठेवून मग तो टप्प्याटप्प्याने वाढवायचा, अशी कायद्यातली तरतूद आहे. ती मुळात शहाणपणाची आहे. तिच्यामागे एक गृहीतक होते: कर जसा टप्प्याने वाढेल तशाच सेवाही टप्प्याने येतील. करवाढीचे वेळापत्रक कायद्यात लिहिले गेले, सेवांचे वेळापत्रक कुठेच लिहिले गेले नाही. त्यामुळे कराची पायरी दरवर्षी वर चढली, रस्त्याची आणि ड्रेनेजची चढली नाही. लोकांनी कर भरायला नकार दिला, राज्य सरकारला वसुलीत हस्तक्षेप करावा लागला, आणि महापालिकेचे उत्पन्न आणखी घटले. मग सेवा देण्यासाठी पैसा कुठून आणायचा, हा महापालिकेचा प्रश्नही तितकाच खरा ठरतो.

आता रस्त्याकडे येऊ, कारण माझ्या मांडणीवरचा सर्वांत जोरदार आक्षेप तिथे आहे. कात्रज-कोंढवा रस्ता हा सुमारे साडेतीन किलोमीटरचा, सातारा आणि सोलापूरच्या वाहतुकीला जोडणारा आणि अपघातांसाठी बदनाम असलेला रस्ता. तो ८४ मीटर रुंद करायचा असे ठरले, २०१८ मध्ये कामाची सुरुवात झाली, आणि काम रखडले. कारण साधे होते: कार्यादेश निघाला तेव्हा जमिनीच हातात नव्हत्या. मालकांना टीडीआर नको होता, रोख मोबदला हवा होता, आणि एवढी रोकड महापालिकेकडे नव्हती. अखेर रुंदी तूर्त ५० मीटरवर आणावी लागली आणि भूसंपादनासाठी राज्याला सुमारे १४० कोटी रुपये द्यावे लागले. हा रस्ता पूर्ण महापालिकेच्या हद्दीत, नियोजन तिचे, ठेकेदार तिचा. मग दोन संस्थांच्या वादाला दोष कसा द्यायचा? महापालिका एकटी असली तरी काम बिघडवू शकते, हे या रस्त्याने सिद्ध केले आहे, आणि ते मान्य केल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही. सगळे अधिकार महापालिकेला दिले की सगळे सुरळीत होईल, असे माझे म्हणणे नाही. जमीन मिळवण्याचा पैसा हातात नसताना रस्त्याचे काम हाती घेणे हाही जबाबदारी आणि पैसा यांच्या फारकतीचाच प्रकार आहे, फरक इतकाच की ती फारकत महापालिकेने स्वतःहून ओढवून घेतली. आणि या उदाहरणात एक गोष्ट दिलासा देणारी आहे: इथे जबाबदार कोण हे ठाऊक होते. नागरिकांनी, वृत्तपत्रांनी आणि नगरसेवकांनी एकाच दाराशी जाऊन वर्षानुवर्षे विचारणा केली, आणि म्हणूनच रुंदी कमी करून का होईना, निधी आणून का होईना, काम हलले.

त्याच रस्त्याच्या तोंडाशी, कात्रज चौकात, उलट परिस्थिती आहे. तिथला उड्डाणपूल महामार्ग प्राधिकरणाचा, त्याचे भूमिपूजन २०२१ मध्ये झाले. चौकातली जागा मिळवून देणे महापालिकेचे, वाहतूक वळवणे पोलिसांचे, आणि चौकाखालून पुढे येणारी मेट्रो महामेट्रोची. स्वारगेट ते कात्रज या ५.४६ किलोमीटरच्या भुयारी मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये २,९५४.५३ कोटींची मान्यता दिली. मार्केट यार्ड, पद्मावती आणि कात्रज अशी तीन स्थानके त्यात होती. बालाजीनगरसारख्या दाट वस्तीला स्थानक नव्हते, ते नंतर मागण्या करून वाढवून घ्यावे लागले. ज्या रस्त्यावर २००६ मध्ये देशातली पहिली बीआरटी धावली, त्या सातारा रस्त्याच्या आखणीत वीस वर्षांत तीन-चार संस्थांनी आपापला थर चढवला, आणि कोणत्याही दोन थरांचा विचार एका टेबलावर झाला नाही. पश्चिमेला कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारावर याचे परिणाम जिवावर बेततात. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री तिथे एका अवजड वाहनाने चाळीसहून अधिक वाहनांना धडक दिली. नोव्हेंबर २०२५ मध्ये तिथेच पुन्हा भीषण अपघात होऊन अनेक जण दगावले. मुख्य रस्ता महामार्ग प्राधिकरणाचा, सेवा रस्ते आणि बाजूच्या वस्तीची जोडणी महापालिकेची, वेगावर नियंत्रण पोलिसांचे. प्रत्येक अपघातानंतर संयुक्त पाहणी होते. संयुक्त पाहणीतून निघालेल्या सूचनांना संयुक्त अंदाजपत्रक नसते, हीच तिची उणीव आहे.

यावर नगररचनेतली जाणकार मंडळी एक रास्त मुद्दा मांडतात. शहर महापालिकेच्या रेषेपाशी थांबत नाही. पुरंदर, हवेली, मुळशी, भोर या सगळ्या पट्ट्याचा एकत्र विचार करायचा तर पीएमआरडीएसारखी प्रदेशपातळीवरची संस्था हवीच. महापालिकेकडे परवानग्या गेल्या तर ती आपल्यापुरते पाहील आणि हद्दीपलीकडे पुन्हा २०१९ च्या आधीचीच स्थिती येईल. मला हा मुद्दा मान्य आहे, त्यातून निघणारा निष्कर्ष मात्र उलटा आहे. प्रदेशपातळीवरच्या संस्थेने प्रदेशाचेच काम करावे: रिंग रस्ता, पाणलोट, कोणत्या उतारावर बांधायचे नाही, सांडपाण्याचे मोठे प्रकल्प, सार्वजनिक वाहतूक. महापालिकेच्या हद्दीतल्या एकेका इमारतीचा नकाशा मंजूर करणे हे प्रदेशाचे काम नव्हे. पीएमआरडीएने संपूर्ण प्रदेशाचा प्रारूप आराखडा २०२१ मध्ये प्रसिद्ध केला, तो न्यायालयीन वादात अडकला आणि २०२५ मध्ये राज्य सरकारने तोच रद्द केला. प्रदेशाचा विचार करणारी संस्था प्रदेशाचा आराखडा पूर्ण करू शकली नाही आणि गावातल्या परवानग्या मात्र देत राहिली, तर तिच्या अस्तित्वामागचे कारणच मागे पडते.

दुसरा आक्षेप याच्या उलट दिशेचा. एवढी मोठी महापालिका चालवणे अशक्य आहे, तेव्हा तिचे तुकडे करा, हडपसर-वाघोलीच्या बाजूला वेगळी महापालिका द्या, दक्षिणेला वेगळी द्या. फुरसुंगी आणि उरुळी देवाची यांनी हा मार्ग घेतलाही. वर्षानुवर्षे शहराचा कचरा सोसलेली ही दोन गावे २०१७ मध्ये महापालिकेत आली, करवाढीने आणि सेवांच्या अभावाने वैतागली, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये त्यांची स्वतंत्र नगर परिषद झाली. त्यांच्या संतापाला आधार होता. पण तुकडे केल्याने पैशाचा प्रश्न सुटत नाही, तो हद्दीवर येऊन बसतो. दिल्लीत २०१२ मध्ये महापालिकेचे तीन भाग केले. मालमत्ता दक्षिणेकडे, खर्च पूर्वेकडे आणि उत्तरेकडे, अशी स्थिती झाली, कर्मचाऱ्यांचे पगार थकले आणि २०२२ मध्ये तिन्ही पुन्हा एक कराव्या लागल्या. बंगळुरूने २०२५ मध्ये पाच महापालिका केल्या, पण त्यांच्या डोक्यावर एक ग्रेटर बंगळुरू प्राधिकरण ठेवले, कारण पाणी आणि मोठे रस्ते पाचांत वाटता येत नाहीत हे तिथे उमगले होते. कात्रजला वेगळ्या महापालिकेत टाकले तर आंबिल ओढ्याचा वरचा भाग तिच्याकडे आणि खालचा पुण्याकडे जाईल, आणि २०१९ ची रचना नव्या नावाने परत येईल. मुंबईच्या मिठी नदीचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे: २६ जुलै २००५ च्या प्रलयानंतर नदीसाठी प्राधिकरण स्थापन झाले, पण जवळपास अठरा किलोमीटरच्या पात्राचे काम बारा किलोमीटर महापालिकेकडे आणि सहा किलोमीटर एमएमआरडीएकडे असे वाटले गेले. नदी गाळाची विभागणी करत नाही.

मग मार्ग कोणता? संस्था जोडून चालवल्याचे एक उदाहरण पुण्यातच आहे, आणि ते कात्रजच्या आगारातून रोज बाहेर पडते. २००७ मध्ये पीएमटी आणि पीसीएमटी या दोन शहरांच्या बससेवा एकत्र करून पीएमपीएमएल ही कंपनी झाली. पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन महापालिकांनी तूट ६० आणि ४० टक्क्यांनी सोसायची असे ठरले. या कंपनीच्या बसगाड्यांबद्दल, थकीत रकमांबद्दल, अधिकाऱ्यांच्या वारंवार बदल्यांबद्दल तक्रारी करण्यासारखे पुष्कळ आहे. पण तिच्यामुळे एक गोष्ट घडली: बस हद्दीवर थांबत नाही आणि तिच्या तुटीचा वाटा कोणी किती उचलायचा हे लिहून ठेवलेले आहे. आंबिल ओढ्याच्या पाणलोटासाठी असे लिखित प्रमाण कुठे आहे? विकसन शुल्कातला किती हिस्सा ज्या गावातून आला त्याच गावाच्या ड्रेनेजवर, किती मुदतीत खर्च व्हायचा, आणि तो न झाल्यास पुढच्या परवानग्या थांबायच्या की नाही, याचा नियम कुठे आहे? असा नियम करायला घटनादुरुस्ती लागत नाही. समावेशाच्या अधिसूचनेतच पैशाचे आणि सेवांचे वेळापत्रक जोडता येते.

घटनादुरुस्ती तर आधीच झालेली आहे. १९९३ पासून लागू असलेल्या ७४ व्या दुरुस्तीने महानगरांसाठी नियोजन समिती सांगितली आहे, आणि तिचे किमान दोन-तृतीयांश सदस्य नगरपालिका आणि पंचायतींच्या निवडून आलेल्या प्रतिनिधींतून यावेत असे म्हटले आहे. महाराष्ट्राने त्यासाठी १९९९ मध्ये कायदा केला. पुणे महानगर नियोजन समितीची निवडणूक नोव्हेंबर २०२१ मध्ये झाली, म्हणजे प्रदेशाचा प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाल्यानंतर. आणि चारच महिन्यांत महापालिकेची मुदत संपली, १५ मार्च २०२२ पासून प्रशासक आला, तो जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत राहिला. मुख्यमंत्री ज्याचे अध्यक्ष आहेत ते प्राधिकरण आणि राज्याने नेमलेला प्रशासक यांच्यात या काळात काही मतभेद झाला असेल तर तो मुंबईतल्या एकाच इमारतीत मिटवता आला असता. तो मिटला नाही, यातून एवढे दिसते की एकाच वरिष्ठाच्या हाताखाली आणल्याने संस्था एकत्र काम करत नाहीत. वाद उघड्यावर मांडणारा, मुख्य सभेत प्रश्न विचारणारा आणि पुन्हा मते मागायला जाणारा माणूस त्यासाठी लागतो, आणि तो जवळपास चार वर्षे नव्हता. फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही गावे वगळण्याच्या प्रक्रियेतही महापालिकेचा म्हणून जो अभिप्राय होता तो प्रशासकाचाच होता.

नव्याने निवडून आलेल्या सभागृहासमोर कात्रजच्या बाजूने मांडण्यासारखे काम त्यामुळे अगदी निश्चित आहे. भिलारेवाडी, मांगडेवाडी, गुजर-निंबाळकरवाडी, जांभुळवाडी आणि कोळेवाडी या पाच गावांत जुलै २०२१ नंतर किती बांधकाम परवानग्या दिल्या गेल्या, त्यांतून किती शुल्क जमा झाले, आणि त्यातले किती या पाच गावांच्या मैलापाण्यावर, पाण्याच्या टाक्यांवर आणि ओढ्यांच्या काठांवर खर्च झाले, याचा हिशेब पीएमआरडीएकडून आणि महापालिकेच्या खात्यांकडून मागवून तो मुख्य सभेच्या पटलावर ठेवावा. त्याबरोबर याच गावांतल्या नाल्यांचा आणि उतारांचा नकाशा ठेवावा, ज्यात कोणत्या ठिकाणी बांधकाम होणार नाही हे पावसाळ्याच्या आधी ठरलेले असेल. या दोन कागदांवर चर्चा करायला सभागृहाला कोणाच्याही परवानगीची गरज नाही.